हिरासिंगचं खातं

शंकरसिंगचा हात तोंडाच्या आधी चालतो, हे गोरेगाव ते हिंगोली सगळ्या जीपवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या सीटवरून वाद निघाला, एखाद्यानं वाकडा शब्द काढला, की त्या बिचाऱ्याला वाक्य पुरं करायची सवड मिळायची नाही. गालावर पाच बोटं उठलेली असायची. मग शंकरसिंग विचारायचा, "हां, आता बोल, काय म्हणत व्हतास?" लोक पोट धरून हसायचे. सेनगावच्या स्टँडवरचा चहावाला म्हणायचा, "देवानं ह्याला कान दिले ते निस्ते बिडी अडकवाया." हसू येतं तोवर येतं हो. ज्या दिवशी आलं नाही त्या दिवसाची ही गोष्ट, आणि सांगताना माझंच टाळकं फिरतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तसा माणूस दिलाचा साफ. बायको-लेकरांवर नसेल इतका जीव धाकट्या भावावर, हिरासिंगवर. ह्यानंच त्याला खांद्यावर बसवून तांड्यावरून शाळेत पोचवलेलं, ह्यानंच त्याच्या नाकाचा शेंबूड पुसलेला. तांड्यात भावाला भिया म्हणतात. हिरा 'भिया' म्हणून हाक मारायचा तेव्हा ह्या दांडगटाचा चेहरा लोण्यासारखा मऊ व्हायचा. हिरा बाविशीला आला तरी शंकरसिंग त्याला लेकरूच समजायचा.

ऐन तरणाईत, नव्वदच्या सालांत, शंकरसिंग भिवंडीला ट्रकवर क्लीनर होता. तिथं एकदा चहा पिता पिता शेजारच्या बाकड्यावरच्या माणसाच्या डोक्यात कुणीतरी गोळी घातली. रक्ताचे शिंतोडे ह्याच्या बशीत उडाले. लोक एवढंच कुजबुजले, "कंपनीचा हुकूम होता." कंपनी म्हणजे टोळी, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि तो शब्द त्याच्या हाडात जाऊन बसला. दुसऱ्याच दिवशी गाठोडं उचलून तो तांड्यावर परतला आणि सवारीची जीप चालवायला लागला.

इकडं तरी कुठं शांतता होती? ओढ्याकाठचं त्यांचं रान आणि गोरेगावच्या रामकिशनचं रान, दोन्हींच्या मधी एक बांध. दर पेरणीला तो बांध हातभर इकडं नाहीतर तिकडं सरकायचा. दोन वर्षांमागं त्यावरून जी हाणामारी झाली, तिच्यात कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, शंकरसिंगच्या बापाच्या, भावसिंगच्या डोक्यात बसला. शंकरसिंगनं रामकिशनच्या भावाच्या बरगड्या मोडल्या, पण त्यानं बाप काय परत येतो? भावसिंग हिवाळाभर खाटेवर पडून राहिला आणि गेला. जाण्याआधी ते रान त्यानं हिरासिंगच्या नावावर केलं. तिसऱ्याच्या दिवशी आई जिवनबाई शंकरसिंगला म्हणाली, "नवरा दिला मी त्या बांधाला. आता ह्या लेकराला काही झालं तर तुझं तोंड बघणार न्हाई." शंकरसिंगनं तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला होता.

तेव्हापासून तो कायम एका डोळ्यानं रस्ता आणि एका डोळ्यानं हिराला बघायचा. रामकिशनकडचं कुणी दिसलं की त्याची मूठ आपोआप वळायची.

सन दोन हजार आठचा जानेवारी. मालकानं त्या आठवड्यात शंकरसिंगला दुसरी जीप चालवायला दिली होती, आणि तिचा मागचा स्प्रिंगचा पाटा पहिल्याच फेरीत बोंबलला. सेनगावच्या स्टँडवर जॅक लावून, चाक काढून, शंकरसिंग जीपखाली उताणा पडून बोल्ट आवळत होता. दुपारची वेळ, ऊन चांगलं तापलेलं. दोघंजण येऊन जीपच्या सावलीला उभे राहिले. ह्याला फक्त पाय दिसत होते: एकाच्या चपला, एकाचे पांढरे बूट. पण आवाज ऐकला आणि ह्याचा पाना थांबला. पांढरे बूट रामकिशनच्या पोराचे होते, विजयकुमारचे. चपलावाला संतराम, राहायला सेनगावात आणि हिंगोलीत नेट कॅफे चालवायचा. परीक्षेचे फॉर्म भरायला पोरं त्याच्याकडं जायची, म्हणून आवाज ओळखीचा.

संतराम रडकुंडीला आला होता. "पार मेलो रे विजू. कंपनीचं डोकं फिरलं. मुंबईहून हुकूम आलाय. ज्याचं खातं खरं न्हाई त्याला छाटून टाकायचं. हिंगोलीतली लई जण जातेत. हिरासिंगबी हाय त्यात."

"म्हाईत हाय," विजू म्हणाला. "म्हणून तर आजच उडवतो त्याला. कंपनीनं मारायच्या आधी मीच मारतो."

"मन व्हईल का तुझं?"

"मन कुठं व्हतं? पण मारणाराला सगळं मिळतं. त्याचं जे काही हाय ते माझ्या नावावर येईल. कंपनीच्या घशात कशाला घालायचं?"

"कशानं मारतो?"

"तलवारीनं. पाठीमागून एकच वार. तकलीफ नको त्याला. हात उचलणार न्हाई तो, गप उभा राहील. चार वाजता कॅफेवर बोलावलंय."

तेवढ्यात हिंगोलीची एसटी लागली आणि चपला, बूट दोन्ही पळाले.

आता इथंच मी तुम्हाला खरं काय ते सांगून टाकतो. लपवाछपवी मला जमत नाही. ती कंपनी म्हणजे गोळ्या घालणारी टोळी नव्हे. इंटरनेटवर लढाईचा एक खेळ निघाला होता, 'रणभैरव' नावाचा, आणि कंपनी म्हणजे तो खेळ चालवणारी मुंबईतली कंपनी. संतरामच्या कॅफेत हिंगोलीतली निम्मी पोरं त्या खेळापुढं डोळे फोडत बसायची. खेळायचं तर आपल्या नावाचं खातं उघडावं लागायचं. खातं म्हणजे खेळातला आपला माणूस. त्याचा घोडा, त्याची तलवार, त्याचं चिलखत, महिनोन्‌महिने लढून कमावलेलं सगळं त्या खात्यात. हिरासिंगनं हौसेनं स्वतःचंच नाव दिलं होतं. घरी सांगायचा आयटीआयला चाललो, आणि बसायचा कॅफेत.

तिथंच त्याची आणि विजूची गाठ पडली. घराण्यांत वैर, पण पडद्यावर दोघं पाठीला पाठ लावून लढायचे, आणि उठल्यावर एका कागदावर भजी खायचे. हे घरी सांगायची कुणाची छाती होती? रामकिशननं विजूला उभा चिरला असता आणि शंकरसिंगनं काय केलं असतं ते सांगायलाच नको. दोघांनी तोंडं शिवून घेतली होती.

राहता राहिला संतराम. आदल्या वर्षी त्या कंपनीनं बाजारात शेअर काढला आणि ह्या शहाण्यानं कॅफेची सगळी कमाई त्यात ओतली. खाती जितकी जास्त तितका शेअर वर, असं त्यानं कुठंतरी वाचलं. झालं! लेकाच्यानं खाती उघडायचा सपाटा लावला. सासूच्या नावानं, मेलेल्या आज्याच्या नावानं, एक तर म्हशीच्या नावानं. असली अक्कल चालवणारा काही तो एकटा नव्हता, देशभर हाच धंदा. जानेवारीत बाजार कोसळला, तसे शेअरवाले कंपनीला विचारायला लागले, की बाबांनो, तुमच्या खात्यांत खरी माणसं किती? कंपनीची पाचावर धारण बसली. हुकूम सुटला: ज्याचं बँकेत खातं नाही, त्याचं खेळातलं खातं उडवा. म्हैस गेली ती गेली, तिच्यासंगं हिरासिंगही जाणार होता, कारण पोराचं बँकेत खातं कुठलं?

आणि खेळाचा कायदा असा, की मारणाराला मेलेल्याचं सगळं मिळतं. म्हणून हिरानंच विजूला गळ घातली होती, "कंपनीच्या हातनं कुत्र्यावानी मरन्यापरीस तूच मार मला. माझा घोडा तुला राहील, तलवार तुला राहील." विजूनं दोन दिवस नाही-नाही केलं, मग कबूल झाला. एवढंच होतं. दोन दोस्तांमधलं साधं बोलणं. आणि ते कुणाच्या कानावर पडलं बघा.

शंकरसिंग ताडकन उठला. म्हणजे उठायला गेला. वर जीप आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. कपाळ चॅसीवर असं आदळलं की डोळ्यापुढं काजवे चमकले. सरपटत बाहेर आला तोवर एसटी वळण घेऊन गेली होती. चाक जमिनीवर, जीप जॅकवर लटकलेली, आणि कपाळातलं रक्त डोळ्यात उतरून राहिलेलं.

त्यानं हिराच्या मोबाईलवर फोन लावला. बंद. परत लावला. बंद. कॅफेत कटकट नको म्हणून संतराम पोरांचे फोन बंद करायला लावायचा, पण हे ह्याला कुठून ठाऊक? त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती: कंपनी, तलवार, आणि ओढ्याकाठचं रान. बापाला खाल्लं, आता भावाला खाणार. रान नावावर करायला टोळी आणली भडव्यांनी!

"काय झालं रे?" चहावाला धावत आला. "पोलिसात फोन लावू का?"

"पोलिस येस्तोवर मान उडंल माझ्या भावाची!" शंकरसिंग ओरडला. त्यानं चाक चढवलं, नट कसेबसे फिरवले, एक तर राहिलाच. मागच्या सीटवर एक म्हातारा नरसीला जायचं म्हणून कधीचा बसून राहिला होता. त्याला काखेत धरून खाली उतरवला, उतरवला कसला, टाकला. टॉमी, म्हणजे जॅक फिरवायची ती लोखंडी सळई, शेजारच्या सीटवर ठेवली आणि जीप अशी काढली की स्टँडवरची कोंबडी फडफडून छपरावर गेली.

पुसेगावच्या अलीकडं कापसाचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी गप्पा हाणत होता. शंकरसिंगनं हॉर्न वाजवला. त्यानं हातानंच खुणावलं, थांब की जरा. थांब? शंकरसिंग टॉमी घेऊन उतरला आणि एक शब्द न बोलता त्याच्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो माणूस दोन्ही हातांनी जबडा धरून गुडघ्यावर बसला, बोटांतून रक्त गळायला लागलं. त्याचा जोडीदार पुढं आला, त्याच्या मांडीवर एक बसली, तोही आडवा. शंकरसिंगनं स्वतःच ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि पुढं निघाला. त्या ड्रायव्हरचं काय चुकलं होतं? काही नाही. पण त्या घडीला शंकरसिंगला रस्त्यातलं प्रत्येक माणूस कंपनीचंच वाटत होतं.

नरसीला गर्दी होती. माळकरी बायका रस्त्यानं रमतगमत चाललेल्या. तिथं मात्र त्याला जीप हळू घ्यावी लागली, आणि हळू झाली तसं त्याला रडू फुटलं. बाया बघून राहिल्या, एवढा आडदांड माणूस स्टेअरिंग धरून रडतोय. "नामदेव महाराजा," तो मोठ्यानंच म्हणाला, "माझं काय बी ने. हात ने, पाय ने. त्या लेकराला तेवढं ठेव." मग गर्दी सरली आणि त्यानं परत पाय दाबला.

कॅफे हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानाच्या वर. बाहेरून लोखंडी जिना. शंकरसिंग पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. जिन्याच्या मधोमध त्याच्या कानावर आलं:

"पाठीत घाल! पाठीत! पडला, पडला! आता मान!" आणि मग दहा गळ्यांतून एकदम, "गेला रे! हिरासिंग मेला!"

वर कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

शंकरसिंग जिन्यावर क्षणभर थिजला. आईच्या पायावर ठेवलेला हात त्याला दिसला आणि मग काहीच दिसलं नाही. तो उरलेल्या पायऱ्या कसा चढला, ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही.

दाराशी संतराम बसला होता. त्यानं मान वर करून नेहमीसारखं विचारलं, "काय भाऊ, फॉर्म भरायचा का?" टॉमी त्याच्या खांद्यावर उतरली. हाड काडकन मोडलं आणि संतराम खुर्चीसकट मागं पडला, डोक्यावर कागदांचा गठ्ठा कोसळला. पोरं किंचाळली. प्लायवूडच्या खोक्यांसारख्या केबिनी, त्यांना पडदे. शंकरसिंग एकेक पडदा ओरबाडत निघाला. पोरं त्याच्या पायातून, टेबलाखालून दाराकडं पळाली. तिसऱ्या पडद्यामागं पांढरे बूट.

विजू वळला. त्याच्या तोंडावर अजून अर्धवट हसू होतं, आणि डोळे मात्र ओले. त्याच्या पाठीमागं मशिनच्या पडद्यावर एक माणूस रक्ताच्या थारोळ्यात पालथा पडलेला. वर नाव लिहिलेलं, हिरासिंग. शंकरसिंगला तेवढं वाचता येत होतं.

"शंकरभाऊ! ऐका, ऐका आधी—"

कोण ऐकतो! पहिला वार विजूनं हातावर झेलला. मनगट उलटं झालं आणि बोटं लोंबायला लागली. दुसरा कानामागं बसला. तो टेबलावर पडला, कीबोर्डवर तोंड आपटलं. तिसरा वार चुकून मशिनवर गेला, काच फुटली, ठिणग्या उडाल्या. चौथा पाठीवर. विजू खाली घसरला तरी ह्याचा हात थांबेना. लाथा घालत होता, ओरडत होता, "कुठं हाय त्याचं मढं? कुठं टाकलं? रान पायजे व्हतं ना तुमाला? घ्या रान! घ्या!" विजूच्या नाकातोंडातून रक्ताचे बुडबुडे निघत होते. तो काहीतरी बोलत होता, पण त्याचे शब्द होईनात.

कोपऱ्यातल्या केबिनचा पडदा सरकला. कानावरचा हेडफोन काढत, ह्या सगळ्या गोंधळाला आत्ता कुठं जागा होऊन, हिरासिंग बाहेर आला.

"भिया?"

शंकरसिंगनं मान वळवली. टॉमी हातातून पडली. भाऊ उभा होता, अख्खाच्या अख्खा, मान धडावर. शंकरसिंगनं झेप घेऊन त्याला मिठी मारली. त्याचं तोंड चाचपलं, पाठ चाचपली, कुठं जखम आहे का बघितलं आणि ढसाढसा रडत म्हणाला, "हायस तू! हायस बाबा! मी येळेवर आलो!" आयुष्यात इतका आनंद त्याला झाला नव्हता. खरंच सांगतो, लग्नात झाला नव्हता, पहिलं लेकरू झालं तेव्हा झाला नव्हता.

हिरानं त्याच्या खांद्यावरून खाली पाहिलं आणि त्याला ढकलून दिलं.

"विजू! विजू रे!" तो गुडघ्यावर बसला, विजूचं डोकं मांडीवर घेतलं. शर्टानं रक्त पुसायला लागला, तर रक्त थांबेना. "काय केलं भिया? काय केलं तू हे?"

"तुला मारून राहिला व्हता तो! मी सवता ऐकलं. तलवारीनं मारतो म्हणला. तुझं सगळं नावावर करतो म्हणला!"

"मला न्हाई! माझं खातं मारत व्हता, खातं! मीच सांगितलं व्हतं त्याला! दोस्त हाय माझा!"

"रामकिशनचा पोरगा? तुझा दोस्त?"

"व्हय, दोस्त! तुझ्या भ्यानं बोललो न्हाई कधी!"

शंकरसिंग तिथंच उभा राहिला. फुटलेल्या मशिनमधून धूर निघत होता. त्यानं विचारलं, "खातं कसं मरतं रे?"

हिरानं विजूला पाठुंगळी घेतलं, रक्त त्याच्या मानेवरून छातीवर ओघळलं. जिना उतरताना तो एकदाच थांबला. "माझ्या मागं येऊ नको," म्हणाला. "आणि मला भाऊ म्हणू नको." खाली कुणाची तरी रिक्षा थांबवून तो सरकारी दवाखान्याकडं निघून गेला. शंकरसिंग केबिनीत, विजूच्याच खुर्चीवर बसून राहिला. पोलिस आले तेव्हा त्यानं निमूट हात पुढं केले, आणि शिपायाला सारखं एकच विचारत राहिला, ते पोरगं जगंल ना?

ठाण्यात ती रात्र त्यानं भिंतीला टेकून काढली. विजू मेला तर फाशी होईल, ह्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण विजू मेला तर हिरा आपल्याशी आयुष्यात बोलणार नाही, हे त्याला खात होतं. आज पहिल्यांदा तो एखाद्या वैऱ्याच्या पोरासाठी देव पाण्यात घालून बसला होता. आणि दुसरीकडं मन म्हणायचं, राग करू दे, शिव्या देऊ दे, हिरा आहे ना? आईला दिलेला शब्द तर मोडला नाही. एवढ्या आधारावर त्यानं सकाळ केली.

सकाळी हवालदार चहा घेऊन आला. वयस्कर माणूस, सेनगावकडचाच. चहा गजातून आत सरकवत तो खाली मान घालूनच म्हणाला, "रामकिशनचं पोरगं वाचलं. हात गेला कामातून, पण जीव वाचला. पहाटे सुदीवर आलं."

शंकरसिंगनं कपाळ जमिनीला टेकलं. कपाळावरची जखम उघडली तरी त्याला भान नव्हतं. "वाचलं! आता मी पाय धरीन त्याचे. जनमभर गुलामी करीन. साहेब, माझ्या भावाला निरोप द्या ना, म्हणा शंकरसिंगला कळलं सगळं. तो दवाखान्यातच असंल."

हवालदार पाठ फिरवून निघून गेला.

थोड्या वेळानं बाहेर गलका झाला. दोन शिपायांनी एका माणसाला धरून आणलं आणि शेजारच्या कोठडीत घातलं. दोन्हींच्या मधी नुसते गज. धोतर गुडघ्यापर्यंत रक्तानं माखलेलं, वाळून काळं पडलेलं. तो रामकिशन होता. दोन वर्षांत दोघं इतके जवळ आले नव्हते. गजातून हात घातला असता तर गळा धरता आला असता. रामकिशन मात्र ह्याच्याकडं बघतही नव्हता, स्वतःच्या तळहातांकडं बघत होता.

शंकरसिंग गजाजवळ सरकला. "तुमी काहून इथं?" त्यानं विचारलं. "पोरगं तर वाचलं तुमचं."

रामकिशननं होय अशी मान हलवली.

"मंग हे कुणाचं रगत हाय?"

रामकिशननं तळहात धोतराला पुसले. शंकरसिंगनं गज धरले. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "काका, सांगा ना. कुणाचं रगत हाय?"

"मला गोरेगावात फोन आला," रामकिशन जमिनीकडं बघत बोलायला लागला. "तांड्यावाल्यांनी विजूला मारलं, एवढंच. मी रानात व्हतो. व्हती ती कुऱ्हाड घेऊन तसाच निघालो. दवाखान्याच्या दारात तुझा भाऊ दिसला. सगळा रक्तानं भरलेला. मला बघून तो पळाला न्हाई. उलट माझ्याकडंच आला. वाकला, माझ्या पायावर हात ठेवले."

"मंग?" शंकरसिंग म्हणाला. "काय म्हणला तो?"

"म्हणला, काका, माझ्यामुळं झालं."

शंकरसिंगनं गजातून हात घालून त्याचं धोतर धरलं.

"मला वाटलं, कबूल करून राहिला," रामकिशन म्हणाला. "वाकलेल्या मानेवर एकच घाव घातला, जागीच गेला. विजूला रगत त्यानंच दिलं, हे मला मागून सांगितलं लोकांनी."